ग्रीकांचा मणी आणि काकाजींचा दुपट्टा

आधीच सांगून ठेवतो, फजिती माझी झाली, ग्रीकांची नाही! हसायचं तर मला हसा.

आमगावला मुलगी पाहायला गेलो होतो. मी गोंदियातला शाळामास्तर, विज्ञान शिकवणारा. मुलगी, सुभद्रा, मला बघताक्षणी आवडली. आता होकार तिच्या वडिलांचा हवा होता. मी तोंड बंद ठेवलं असतं तर तो मिळालाही असता. पण राहवतं का आपल्याला?

काकाजींनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, सहज विचारलं, "का जी मास्तर, बिजलीले इंग्रजीत काय म्हंतेत?"

"इलेक्ट्रिसिटी! शब्द मूळचा ग्रीकांचा. इलेक्ट्रॉन म्हणजे त्यांच्याकडे अंबर, तो पिवळा मणी. घासला की गवताची काडी ओढून घेतो. त्यावरून विजेचं नाव पडलं."

"मन्यावरून बिजली? कायच्या काय सांगून राहिले तुमी!"

झालं! माझं डोकं सणकलं. समोर खुंटीला एक माळ लटकत होती, तिच्यात तसाच पिवळा मणी. मी उठून ती काढलीच. "आत्ता दाखवतो!"

"पन तो मनी तर..." सुभद्राची आई म्हणाली. मी हात वर करून त्यांना गप्प केलं. प्रयोग चालू असताना मध्ये बोलतात का कुणी?

काकाजींच्या खांद्यावर नवा कोशाचा रेशमी दुपट्टा होता. त्यावर मणी घासला, भाताच्या तणसाची काडी जवळ धरली. काडी ढिम्म! बाहेर दाट धुकं होतं. म्हटलं, मण्याला ओल लागली. शेगडीवर चांगला शेकला, पुन्हा दुपट्ट्यावर घासला, आणि काडी चिकटली!

"बघा! इलेक्ट्रिसिटी!"

मग दुपट्टा चिकटला. मग माझी बोटं.

"मास्तर, सोडा आता."

"सुटत नाही हो!"

"लाखेचा मनी हाय जी तो, शेकला का पाघळते!" सुभद्राची आई कळवळली. "तेच सांगून राहिली होती मी!"

काकाजी दुपट्टा ओढत होते, मी मण्यासकट त्यांच्याकडे ओढला जात होतो. बोटं भाजलेली, लग्न मोडल्यात जमा. तरी मी ओरडलो, "मणी खोटा असेल, ग्रीक खरे आहेत!"

तेवढ्यात दाराआडून सुभद्रा म्हणाली, "बाबा, हो म्हना. मानूस चुकला, पन हटून नाही राहिला. मले असाच पाहिजे."

जमलं की लग्न! आता सांगा, हरलं कोण?

मीच. न हटण्यात ती माझ्याहून पक्की निघाली. वर चुकतही नाही!