आजोबांच्या नावावर खपवलेलं वाक्य

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही—बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या वर्गात बसत नाही.

आम्ही बेने इस्राएल, कोकणातले मराठी ज्यू. सिंगापूरला आलो ते नोकरीसाठी. रविवारी माझ्या फ्लॅटवर चार घरची माणसं जमवून मी मिश्ना शिकवायचो—म्हणजे आमचा तोंडी कायदा. जुन्या रब्बींनी, म्हणजे धर्मपंडितांनी, शास्त्राचे लावलेले अर्थ पिढ्यानपिढ्या तोंडपाठ चालत आले, मग कधीतरी लिहिले गेले. त्यात एक शिस्त आहे. ज्याचं मत, त्याच्याच नावाने सांगायचं, वादात हरलेल्याचंसुद्धा. ही शिस्त मी किती रंगवून सांगायचो!

शूलामिथ वर्गातली सगळ्यात हुशार. माझ्या चुका चारचौघांत दाखवायची—हसत, पण दाखवायची. मला ते झोंबायचं.

तिचे वडील गेले. ती एकुलती एक. वर्गात तिने विचारलं, "काका, बाबांना मुलगा नाही. कद्दिश मी म्हटलं तर चालेल ना?" कद्दिश म्हणजे गेलेल्या आईवडिलांसाठी मुलगा वर्षभर म्हणतो ती प्रार्थना. मला उत्तर माहीत नव्हतं. माहीत नाही म्हणायला माझं काय जात होतं? पण सगळे बघत होते. पुस्तकाचा हवाला दिला असता तर तिने पान काढायला लावलं असतं. म्हणून म्हणालो—आमचे आजोबा सांगायचे, आपल्यात बायका कद्दिश म्हणत नाहीत.

आजोबा असलं काही कधी बोलले नव्हते. ते बरे आणि त्यांची नारळाची वाडी बरी. पण मेलेल्या माणसाला विचारायला कोण जाणार?

ती वाद घालेल असं वाटलं होतं. तिने नुसती मान हलवली. वर्षभर प्रार्थनेला यायची, मागे उभी राहायची, ओठ मिटून. मला दिसायचं. वर्ष भरल्यावर गेलेल्याच्या नावाने आमच्यात मलिदा करतात—गोड पोहे, फळं आणि प्रार्थना; त्यासाठी लिटिल इंडियातून पोहे मीच आणून दिले. तेव्हा तरी सांगता आलं असतं—नाही सांगितलं. जिंकल्यासारखं वाटत होतं, खोटं कशाला बोलू?

आता वर्ग शूलामिथ घेते, मी मागे बसून ऐकतो. परवा एका मुलीने—आई नुकतीच गेलेली तिची—विचारलं, "आंटी, कद्दिश मी म्हटलं तर ओके ना?" शूलामिथने ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं, माझ्या आजोबांच्या नावानिशी. मग खात्रीसाठी माझ्याकडे पाहिलं.

मी हो म्हणालो.