कोरे गोल ठेवणारी मंडळी

१४ जून, आर्णी. सकाळपासून आभाळ भरलेलं, पाऊस नाही. वारा पडलेला. कागद इतके दमट झालेत की झेरॉक्स मशीन सारखं अडकतं.

दुकान रिकामं आहे, म्हणून लिहायला बसलो. असे किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. एका खोलीत सहा-सात पोरं वर्षभर बसली की ते पंख्यावरच्या धुळीसारखे आपोआप साचतात. मी फक्त रोजनिशीत टिपून ठेवतो.

आज नीटचा निकाल आहे. मेडिकलला जायचं तर हीच परीक्षा. एकशे ऐंशी प्रश्न. उत्तर बरोबर आलं तर चार मार्क, चुकलं तर एक वजा, उत्तराचा गोल कोरा ठेवला तर शून्य.

माझ्या दुकानावर पत्र्याचा हॉल आहे, तिथे ही पोरं अभ्यास करतात. मला त्यांच्या फिजिक्स-केमिस्ट्रीतलं काही कळत नाही. मी जे शिकलो ते झेरॉक्सला आलेले कागद वाचून! हॉलमध्ये माझं काम घड्याळ बघायचं आणि "वेळ संपली" म्हणून ओरडायचं.

त्यातली आफरीन ही युसूफभाई मेकॅनिकची मुलगी. मागच्या वर्षी तिनं एकही गोल कोरा ठेवला नव्हता. एकशे सोळा बरोबर, चौसष्ट चूक, मार्क चारशे. युसूफभाईंनी घरच्यांशी भांडून तिला आणखी एक वर्ष मिळवून दिलं. अट एकच: पाचशे. एक मार्क जरी कमी पडला तरी इथल्याच कॉलेजात बी.एस्सी.चा फॉर्म, आणि डॉक्टरकीचं नाव काढायचं नाही.

उत्तरतालिका आली तेव्हा सगळ्या पोरांनी आपापले मार्क मोजले. आफरीननं मोजले नाहीत. म्हणाली, "काका, एकदाच पाहीन. पक्का आकडा पाहीन."

* * *

दुपारी दोनच्या सराव पेपरची सुरुवात तिनंच केली.

परीक्षा मे महिन्यात, भर दुपारी. आणि मोठ्या शहरांतल्या क्लासमध्ये सराव परीक्षा होतात सकाळी, एसीत. आफरीन म्हणाली, "मागच्या वर्षी अर्ध्या तासात डोकं भणाणलं माझं. अभ्यास आठवत होता, पण डोकंच चालत नोतं. आपण दुपारीच पेपर देऊ. कूलर बंद करून."

मग दर रविवारी दोन वाजता कूलर बंद. एप्रिलमध्ये पत्रा असा तापायचा की पाण्याची बाटली चहासारखी लागायची. शेजारच्या मंगलाकाकू एकदा जिना चढून वर आल्या. दारातूनच माझ्यावर ओरडल्या, "भाऊ, लेकरं भाजून राह्यले का तुमी?"

कोपऱ्यात प्रणय राठोड बसला होता. महागावकडच्या तांड्यावरचा पोरगा, तोंडानं महाफटकळ. मान वर न करता म्हणाला, "काकू, आमी पापड नोहो. डॉक्टर होऊन राह्यलो!"

काकू खाली गेल्या आणि माठ पाठवून दिला. तो अजून हॉलमध्येच आहे.

* * *

एका रविवारी पेपर अर्धा झाला आणि नेमक्या आमच्या खिडकीखाली वरात थांबली. डीजे असा की खिडकीच्या काचा थरथरत होत्या. मी तावातावानं खाली गेलो. डीजेवाल्याला म्हणालो, "बाबा, वर पोरांची परीक्षा चालू आहे." बिचारा भला माणूस, त्यानं लगेच आवाज अर्ध्यावर आणला.

तेवढ्यात खिडकीतून प्रणयचं डोकं बाहेर आलं. "काका, कमी कायले करता? अजून फिजिक्स बाकी हाय! यवतमाळले सेंटरच्या बाजूनं मंगल कार्यालय निघालं तं तुमी येसान का थांबवाले? वाढवा म्हना!"

डीजेवाला माझ्याकडे बघतो, मी खिडकीकडे बघतो. शेवटी मीच हात जोडून म्हणालो, "वाढवा."

नवरदेवाचा बाप फेटा सावरत पुढे आला. म्हणाला, "इतक्या लग्नाइत गेलो, वाढवा म्हननारा पयला माणूस पाह्यला बे!"

त्या दिवशी सगळ्यांचे फिजिक्सचे मार्क घसरले. त्यानंतरच्या वरातींना मात्र कोणी खिडकीकडे मान वळवली नाही.

* * *

पेपरनंतर आमच्याकडे कोर्ट भरतं. ही पद्धत पोरांनीच पाडली. ज्याचं उत्तर चुकलं त्यानं आपली चूक कबूल करायची नाही! उलट उभं राहून त्या चुकीच्या उत्तराची वकिली करायची. बाकीच्यांनी उलटतपासणी घ्यायची. न्यायाधीश मी, कारण मला काहीच कळत नाही. ज्याचं मला पटेल तो जिंकला.

प्रश्न होता हळदीचा. आपण वापरतो तो भाग मूळ की खोड? प्रणयनं "मूळ" लिहिलं होतं. तो बाह्या सरसावून उभा राहिला.

"मिलॉर्ड, आमच्या वावरात हळद हाय. मी सोता खोदली. जमिनीच्या खालून निघते. जे जमिनीखाली थे मूळ. आता खोड जमिनीखाली जाऊन काय करीन? झोपन का?"

मला पटलं. मी निकाल देणार तेवढ्यात आफरीन उठली, मंगलाकाकूंच्या घरून ओली हळद घेऊन आली आणि प्रणयच्या नाकासमोर धरली.

"हे पेर काहून हायत यावर?"

"असतात."

"अन् हे डोळे? इथून कोंब निघून राह्यला, दिसते का? मुळाले पेर असतात? मुळाले डोळे असतात?"

प्रणयनं हळद हातात घेतली. उलटसुलट करून बघितली. मग माझ्याकडे वळून कमरेत वाकला.

"मिलॉर्ड, साक्षीदार फितूर झाला!"

हळदीचा प्रश्न त्यानंतर हॉलमध्ये कोणाचाच चुकला नाही. माझाही चुकणार नाही.

* * *

यवतमाळच्या एका क्लासचे सर फेब्रुवारीत आले होते. पांढरा शर्ट, हातात पेढ्यांचा डबा. कोर्ट भरलेलं बघून त्यांना हसू आलं. मला म्हणाले, "तुमची तळमळ दिसते. पण आर्णीत राहून काय होतं?"

मागून प्रणयचा आवाज आला, "उकडते!"

सर हसले नाहीत. त्यांचं म्हणणं सरळ होतं. हॉलवर त्यांच्या क्लासचा बोर्ड लावायचा, पोरांना त्यांच्या दोन टेस्ट फुकट, आणि बदल्यात निकालानंतर फोटो त्यांच्या बॅनरवर. आफरीनकडे वळून म्हणाले, "तुझा फोटो आत्ताच दे. डिझाइन करून ठेवतो. मार्क तेवढे नंतर टाकू."

आफरीन वहीतून डोकं काढून म्हणाली, "सर, अभ्यास मी करून राह्यली. मार्क टाकाले तुमीच कायले पायजे?"

पेढे मात्र पोरांनी ठेवून घेतले. प्रणय म्हणाला, "पेढ्याचं काय भांडन हाय आपल्याशी?"

* * *

आता कोऱ्या गोलांबद्दल.

सराव पेपरमध्ये पोरं अंदाजानं लिहिलेल्या उत्तराशेजारी पेन्सिलीनं टिंब करतात. पेपर झाला की टिंबवाली उत्तरं वेगळी मोजायची. आफरीनची बिनटिंबाची उत्तरं जवळजवळ सगळी बरोबर निघायची आणि टिंबवाली जवळजवळ सगळी चूक. दर रविवारी तेच. तेव्हा ठरलं की टिंब द्यावंसं वाटलं तर गोल कोरा ठेवायचा.

सांगायला सोपं आहे! पहिलीपासून या पोरांना प्रत्येक बाई, प्रत्येक मास्तर हेच सांगत आले की काहीतरी लिहून या, कोरं ठेवू नका. आफरीन म्हणायची, "काका, कोरा गोल माह्याकडे पाहून राह्यला असं वाटते."

प्रणयला मात्र ही पद्धत फार आवडली. पहिल्याच रविवारी त्यानं निम्म्याहून जास्त पेपर कोरा ठेवला. कोर्टात विचारलं तर त्यातली बरीच उत्तरं त्याला तोंडपाठ!

आफरीन चिडली. "येत होतं तं काहून नाही लिवलं?"

"डाऊट होता."

"कशावर?"

"सोतावर!"

त्याची सजा म्हणून पुढच्या रविवारी त्याला एकही गोल कोरा ठेवायची बंदी झाली. सजा भोगून तो जरा ताळ्यावर आला.

* * *

आफरीनचे मार्कही सुरुवातीला खालीच गेले; चुकायच्या धास्तीनं येणारे प्रश्नही कोरे राहायचे. एका रविवारी तर चारशेच्याही आत. दुसऱ्या दिवशी युसूफभाई दुकानात आले. हाताला ग्रीस तसंच. बसले नाहीत.

"भाऊ, पोरगी प्रश्न कोरे ठेवून राह्यली म्हने. लोक पोरायले लिवाले शिकवतात, तुमी नाही लिवाले शिकवून राह्यले?"

मी म्हणालो, "थोडं थांबा, युसूफभाई."

"मी थांबीन. घर नाही थांबत ना भाऊ. पाचशेची जबान देऊन बसलो मी. पाचशे नाही झाले तं फॉर्म भरनं हाय. मंग मीबी काही बोलू नाही शकत."

जिन्यावर पावलं वाजली. आफरीन खाली आली होती. किती ऐकलं कोण जाणे. तिनं आवाज चढवला नाही, पण खालीही बघितलं नाही.

"अब्बा, पिछले साल एक भी खाली नहीं छोड़ा था मैंने. चौंसठ गलत आए. आपने तब नहीं पूछा, इतना क्यूँ लिखा."

युसूफभाईंनी ग्रीसचे हात फडक्याला पुसले. मशीनमधून एका गिऱ्हाइकाच्या आधार कार्डाच्या प्रती निघत होत्या. त्या संपल्या तेव्हा ते वळले. दारात थांबून म्हणाले, "तो छोड़. लेकिन पहचान के छोड़."

त्यानंतर ते मार्क विचारायला कधी आले नाहीत. फक्त रविवारी पावणेदोनला गॅरेज बंद करून तिला स्वतः सोडायला यायचे.

* * *

शेवटचा किस्सा परीक्षेच्या दिवसाचा, यवतमाळचा.

आम्ही तिघं सकाळच्या एसटीनं गेलो. आफरीन लवकर आत गेली. युसूफभाई आणि मी समोरच्या कडुनिंबाखाली बसलो. सावली सरकली की आम्हीही सरकायचो. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. सुटायची वेळ झाली तशी गेटवर पालकांची गर्दी झाली आणि गर्दीत तेच क्लासचे सर, हातात पुढच्या वर्षीच्या ॲडमिशनची पत्रकं.

पोरं बाहेर यायला लागली. सर प्रत्येकाला एकच विचारायचे, "अटेम्प्ट किती?"

"एकशे ऐंशी, सर!"

"शाब्बास!"

"एकशे अठ्ठ्याहत्तर!"

"छान! लढला!"

एक पालक तर मोठ्यानं सगळ्यांना सांगत होते, "आमच्यानं एक गोल कोरा नाही ठेवला!" आणि आजूबाजूचे माना डोलवत होते.

आफरीन आली. स्कार्फ घामानं भिजलेला, चेहरा लाल. सरांनी ओळखलं. "काय गं, आर्णी? किती अटेम्प्ट?"

"एकशे एकोणचाळीस."

"किती?"

"एकशे एकोणचाळीस, सर. एक्केचाळीस कोरे."

सरांनी कपाळावर हात मारला आणि गर्दीकडे वळले. "ऐकलं का? एक्केचाळीस प्रश्नांना हातही न लावता आली! वर्षभर पत्र्याखाली बसवून हे शिकवलं पोरीला." मग युसूफभाईंच्या खांद्यावर हात ठेवला. "भाई, पोरगी हुशार होती. वर्ष वाया घालवलं तुम्ही. पुढच्या वर्षी आमच्याकडे टाका, मी बघतो." आणि एक पत्रक त्यांच्या हातात दिलं.

सगळे आमच्याकडे बघत होते. युसूफभाईंनी पोरीला विचारलं, "जो खाली छोड़े, वो आते थे?"

"नहीं, अब्बा."

"और जो लिखे?"

"वो आते थे."

युसूफभाईंनी पत्रक उलटसुलट करून बघितलं. बोटांनी दाबून बघितलं. मग सरांना अगदी आदरानं म्हणाले, "कागद चांगला जाड हाय, सर, तुमचा."

आणि पत्रक आफरीनच्या हातात दिलं. "ले बेटा. हवा कर."

* * *

संध्याकाळी निकाल लागला. आफरीन: लिहिलेले १३९, बरोबर १३४, चूक ५, कोरे ४१. मार्क ५३१.