आपांची चार ओळींची मेल

“आधी मागचं सगळं वाचा, मग बोला,” असं म्हणत आपा खुर्ची बाजूला सरकवून समोरच्याला स्क्रीनपुढे जागा करून देत. नांदेडच्या आमच्या कॉलेजात त्या कॉम्प्युटर शिकवत; सगळे त्यांना आपा, म्हणजे थोरली बहीण, म्हणत. मी त्यांच्याच विभागात होतो.

कॉम्प्युटरवरचे शब्द मराठीत आणणाऱ्या हौशी लोकांची एक मेलिंग लिस्ट होती. आम्ही दोघंही तिच्यात होतो. माझा इनबॉक्स त्या मेलनं तुंबायचा. आपा मात्र ती लिस्ट न्यूजग्रुप वाचायच्या एका जुन्या प्रोग्राममधून वाचत. तिथं मेल आपल्याकडे येत नाहीत, आपणच जाऊन वाचायच्या. प्रश्न, त्याखाली उत्तरं, अशी अनेक वर्षांची चर्चा ओळीनं लावलेली. “चौकातल्या गप्पा चौकातच ऐकाव्या, घरी कशाला आणायच्या?” असं त्या म्हणत.

देगलूरचे एक निवृत्त मराठीचे गुरुजी त्या लिस्टवर फार उत्साहानं शब्द पाठवत. त्यात कानडी, तेलुगू वळणं यायची. तपासायचं काम आपांकडे होतं. एकदा मी लिस्टवर विचारलं, गुरुजींच्या शब्दांचा नवा भाग तपासून कुठवर आला? आपा वैतागलेल्या होत्या. त्यांनी मला एकट्याला चार ओळी लिहायला घेतल्या, की हे तपासण्यापेक्षा नव्यानं केलेलं परवडतं, गुरुजींना मराठी तरी येते का, कुणीतरी घरी बसवा त्यांना.

त्या प्रोग्राममध्ये एकट्याला उत्तर द्यायचं बटण आणि सगळ्यांना द्यायचं बटण कीबोर्डवर वरखालीच आहेत. आपांचं बोट खालच्या, सगळ्यांना पाठवायच्या बटणावर पडलं होतं.

त्या माझ्या टेबलापाशी आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. गुरुजी लिस्ट सोडून गेले.

आपांनी सगळ्यांसमोर माफी मागितली. तरी त्यांना चैन पडेना. रविवारी आम्ही एसटीनं देगलूरला गेलो. गुरुजींनी चहा पाजला, घरची विचारपूस केली. आपांनी हात जोडले.

“हाव, मी वाचलो ते,” गुरुजीच म्हणाले. “चुका असतील, त्याचं काही न्हाई. पण माझा पोरगा बी ती लिस्ट वाचून राहिला. हैदराबादेत असतो. त्यानंच हौसेनं जोडून दिलं होतं मला.”

आपांनी परत येण्याची विनंती केली. गुरुजी हसून नको म्हणाले. येताना बसमध्ये आपा खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या.

जुन्या मेल नेटवर कुणालाही वाचता येत. मी सुचवलं, लिस्ट चालवणाऱ्यांना सांगून ती मेल काढून टाकू.

“नको,” आपा म्हणाल्या. “काढली तर माझी अब्रू झाकली जाईल. गुरुजींची गेली ती गेलीच.”

त्यानंतर लिस्टवर त्यांनी अक्षर लिहिलं नाही. शब्द मात्र तपासत राहिल्या. निवृत्तीनंतर लातूरला बहिणीकडे गेल्या, तिथूनही तपासत होत्या. गेल्या वर्षी तिथंच वारल्या.

त्यांनी सुधारलेले शब्द आज तुमच्या माझ्या फोनमध्ये आहेत. त्यांवर कुणाचं नाव नसतं. परवा मी नेटवर आपांचं नाव शोधलं. ते सगळ्यांत आधी सापडलं, त्या चार ओळींच्या खाली.