अंजनेरीच्या धुक्यात आम्ही तेरा जणी

नाशिक रोडच्या मुलींच्या शाळेत मी भूगोल शिकवायला लागले, तेव्हा तिथल्या विज्ञानाच्या बाई माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या होत्या. दोन हजार एक-दोनची गोष्ट असेल. त्यांच्या भावाने परदेशातून एक जीपीएस यंत्र पाठवलं होतं. तळहाताएवढं, वर छोटासा करडा पडदा. बाईंनी ते कपाटात ठेवलं नाही, दुसऱ्याच दिवशी शाळेत आणलं.

मुलींना वाटलं, हे उपग्रहाला फोन करतं. बाई म्हणाल्या, ते काहीच पाठवत नाही, फक्त ऐकतं. उपग्रह सारखा आपली जागा आणि वेळ सांगत असतो. ती हाक पोचायला किती वेळ लागला त्यावरून यंत्र अंतर काढतं. मग त्यांनी मैदानात तीन दोऱ्या बांधल्या: एक झेंड्याच्या खांबाला, एक कडुनिंबाला, एक पाण्याच्या टाकीला. एकच दोरी ताणून धरली तर मुलगी गोल फिरत कुठेही उभी राहू शकते. दोन धरल्या तर दोनच जागा उरतात. तिसरी धरली की एकच. आकाशात मात्र चौथा उपग्रह लागतो, कारण यंत्रातलं घड्याळ साधं असतं, त्याची चूकही काढावी लागते. वर्गात मला कधी न जमलेलं त्यांनी दोऱ्यांनी करून दाखवलं.

पुढे दर शनिवारी शाळा सुटल्यावर खेळ चाले. चाललेला रस्ता पडद्यावर रेघेसारखा उमटायचा, म्हणून मुली मैदानात चालत चालत पडद्यावर आंब्याचा आकार काढायच्या. कधी बाई स्टीलचा डबा लपवून फक्त अक्षांश-रेखांश द्यायच्या. यंत्र आठ-दहा मीटरपर्यंत न्यायचं, पुढचं डोळ्यांनी शोधायचं.

भाद्रपदातल्या एका रविवारी आम्ही दोघी नववीच्या अकरा मुलींना घेऊन अंजनेरीच्या डोंगरावर गेलो. पायऱ्या संपून पठार लागलं तिथे बाईंनी यंत्रात खूण केली, म्हणजे परतताना बाण तीच जागा दाखवेल आणि अंतरही सांगेल. तळ्याकाठी डबे खाऊन उठतो तोच धुकं उतरलं. दहा पावलांवरची मुलगी दिसेना. एक जण रडायला लागली.

मी अनेकदा तिथे आले होते. वाट डावीकडे आहे, असं मी ठामपणे सांगितलं. यंत्राचा बाण उजवीकडे दाखवत होता. उभं राहिलं की बाण भरकटतो, हे मला ठाऊक होतं, म्हणून मी जास्तच अडून बसले. भूगोलाची शिक्षिका होते मी.

बाई शांतपणे म्हणाल्या, "तुमचं बरोबरही असेल. पण आधी पन्नास पावलं याचं ऐकू. अंतर कमी झालं नाही, तर तुमच्या वाटेने जाऊ."

मुलींनी एकमेकींच्या ओढण्या धरल्या. चालायला लागल्यावर बाण स्थिर झाला. चारशे मीटर, तीनशे ऐंशी, साडेतीनशे... आकडे बाई मोठ्याने वाचत होत्या आणि रडणारी मुलगी त्यांच्या मागोमाग तेच म्हणत होती. पंधरा-वीस मिनिटांत पाय दगडी पायरीला लागला.

दिवाळीच्या सुट्टीत मी नवऱ्याबरोबर पुन्हा वर गेले. ऊन लख्ख होतं. तळ्यापासून मी म्हणत होते त्या दिशेने चालत गेले, तर पुढे कडाच होता. खाली शेतं दिसत होती. मी तिथेच बसून राहिले.

मुख्याध्यापिकांना बाईंनी एवढंच सांगितलं होतं, की धुकं लागलं, पण आम्ही दोघींनी मिळून मुलींना खाली आणलं. त्या डाव्या-उजव्याचा विषय त्यांनी कधीच काढला नाही, माझ्याजवळसुद्धा नाही. मुलींचा माझ्यावरचा विश्वास त्यांनी तसाच राहू दिला. त्यामुळे पुढची कितीतरी वर्षं मी मुलींना घेऊन डोंगरावर जाऊ शकले.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा निरोपाच्या भाषणात मी हे सगळं सांगून टाकलं. बाई मात्र शेजारच्या बाईंना विचारत होत्या, ही एवढं काय सांगते आहे म्हणून.