टपावरची फळी

चहा पिऊन गाडीपाशी परत आलं की मामांचा हात आधी टपाकडे जायचा. दोरीची गाठ चाचपायची, साखळी एकदा हिसडून बघायची, कुलूप ओढायचं आणि मग माझ्याकडे वळून विचारायचं, "गाठीला कोन हात लावला?"

कुणीच लावलेला नसायचा. मी तर त्यांच्याच शेजारी बसून चहा प्यायलेला असे. पण उत्तर दिल्याशिवाय गाडी सुरू होत नसे.

"कुणी नाही, मामा."

"तू बघितलं व्हय?"

"बघितलं."

"चहा पिताना तुजं ध्यान बशीत व्हतं," असं म्हणून ते पुन्हा एकदा गाठ चाचपायचे.

माझे वडील सोनपेठच्या बाजारात पोती उचलायचे. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिला. आई-वडिलांनी मला शिकवलं. पण शिकून आलेल्या मुलाला उभं राहायला जागा मिळवून दिली ती या ड्रायव्हरमामांनी. आज मी सर्वांत जास्त कुणाचा ऋणी असेन तर त्यांचा. म्हणून हे लिहितो आहे.

बी. एस्सी. झाल्यावर मला रोजंदारीवर एक सरकारी काम मिळालं. उन्हाळ्यात नद्यांच्या डोहांत किती पाणी उरलं आहे ते मोजायचं. डोह उथळ, कडेला गाळ, तिथे नाव चालत नाही. म्हणून साहेबांनी परभणीच्या सुताराकडून एक लांब, आतून पोकळ, हलकी फळी करून घेतली होती. दीड पुरुष लांब. सांध्यांना डांबर भरलेलं. तिच्यावर उभं राहायचं, हातातल्या वल्ह्यानं पाणी मागे सारायचं आणि डोहाच्या मध्यावर जाऊन वजन बांधलेली दोरी खाली सोडायची. पहिले काही दिवस मी फळीवर कमी आणि पाण्यातच जास्त होतो. काठावरून मामा ओरडायचे, "बीएस्सी, तू बुडला तर चालंल, फळी सोडू नगं!"

ते मला बीएस्सीच म्हणत.

फळी देताना साहेबांनी बजावलं होतं, "ही तुझ्या ताब्यात. हरवली किंवा फुटली तर दुसऱ्या दिवशी कामावर येऊ नकोस." मामांनी ते ऐकलं होतं. तेव्हापासून आमच्या ऑफिसच्या जीपच्या टपावर फळी नव्हे, माझी नोकरीच बांधलेली आहे, असं समजून ते वागू लागले. हे मला तेव्हा कळत नव्हतं. मला वाटायचं, हे माझ्यावरच पाळत ठेवतात.

तुम्ही आमच्याबरोबर एखाद्या हॉटेलात बसला असता तर तुमच्यावरही त्यांनी पाळत ठेवली असती. गाडी नेहमी भिंतीला चिकटवून उभी करायची, म्हणजे एका बाजूनं कुणी चढणार नाही. आपण बसायचं ते गाडीकडे तोंड करून. वल्हं टपावर ठेवायचं नाही, ते आत माझ्या पायाशी. "फळी नेली तरी वल्ह्याबिगर काय करील?" साखळी फळीच्या टोकाच्या भोकातून ओवलेली आणि कुलपाची किल्ली मामांच्या करदोट्याला.

आणि माणसं बघायची त्यांची एक तऱ्हा होती. समोरच्याला काय कमी आहे ते ते आधी शोधत. केस कापायच्या दुकानासमोर गाडी थांबली की हळूच म्हणायचे, "बघ, त्याला बाकडं न्हाई. गिऱ्हाईक उभं हाय." शाळेपाशी थांबलो तर, "खिडकीला झडप न्हाई. मास्तर सारखं वर बघायलाय." एकदा एक भला गृहस्थ आमच्याशी पावसापाण्याच्या गोष्टी बोलत उभा राहिला. तो गेल्यावर मामा म्हणाले, "पोरीचं लगीन काढलंय म्हनला, ऐकलं का? म्हंजे पलंग लागनार."

ती विद्यापीठाच्या नामांतराच्या दंगलींची वर्षं होती. रस्त्यात कुणी गाडी अडवली की आधी नाव विचारत, मग आडनाव, मग गाव. आडनाव ऐकल्यावर काहींचा चेहरा बदलायचा. माझं आडनाव त्यांतलंच. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी तोंड उघडायच्या आत मामा बोलले, "भाचा हाय माजा. सख्ख्या भैनीचा." त्यांच्या कपाळावर भस्माचे ठसठशीत पट्टे, गळ्यात इष्टलिंग. विचारणाऱ्यानं एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि गाडी सोडली. तेव्हापासून मी त्यांना मामा म्हणू लागलो. त्यांना सख्खी बहीण नव्हतीच, हे मला फार उशिरा कळलं. साऱ्या जगावर संशय घेणाऱ्या या माणसानं मला आडनाव मात्र कधी विचारलं नाही.

फळीवर सुरुवातीला निळी ताडपत्री होती. ती बघून गाडी जास्तच अडवली जाते असं मामांच्या लक्षात आलं, म्हणून त्यांनी ती काढून टाकली आणि उन्हानं डांबर वितळू नये म्हणून घरचं एक जुनं पांढरं धोतर फळीला गुंडाळलं. फळीच्या मध्यावर दोरीचं वेटोळं बांधलेलं असल्यामुळे तिथे उंचवटा आला होता. त्या दिवशी सोनपेठच्या रस्त्यावर एका गाडीवानानं बैल थांबवले, टोपी काढली आणि आमच्याकडे बघून हात जोडले. पुढे एका बाईनं लेकराचं तोंड पदराखाली झाकलं. हॉटेलापाशी थांबलो तर गाडीच्या आसपास कुणी फिरकेना.

मला कळायच्या आधी मामांना कळलं. त्यांचा चेहरा इतका उजळलेला मी कधी पाहिला नव्हता.

"बीएस्सी," ते माझ्या कानाशी म्हणाले, "मढं कोन चोरील?"

दुसऱ्या दिवसापासून टपावर झेंडूचा हार आला, गुलाल आला, बॉनेटवर उदबत्त्या आल्या. मामा निर्धास्तपणे, प्रथमच गाडीकडे पाठ करून भजी खाऊ लागले. एकच अडचण होती. लोक विचारायचे, कोण गेलं? त्यामुळे मामांचे नातेवाईक भराभर मरू लागले. सेलूत चुलता गेला, जिंतुरात मेव्हणा गेला, सोनपेठेत त्यांचा मामा गेला. तिथल्या हॉटेलवाल्याची स्मरणशक्ती चांगली होती.

"मागल्या बाजारी बी मामाच गेला व्हता की तुमचा?"

"त्यो थोरला," मामा भजं खाणं न थांबवता म्हणाले. "ह्यो धाकला."

"लय वाईट झालं. अन् दोघं बी जीपमदीच?"

मामांनी भजं खाली ठेवलं आणि त्याच्याकडे निरखून बघितलं. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "ह्या मानसावर नजर ठेव. लय इचारतो."

असं किती दिवस चाललं असतं सांगता येत नाही. दुधनेचा डोह मोजून आम्ही पूर्णेकडे निघालो होतो. देवगाव फाट्यावर गाडी थांबवली. चहा सांगितला. एवढ्यात एक म्हातारी रस्ता ओलांडून सरळ गाडीपाशी आली. आजवर कुणीच आलं नव्हतं. तिनं टपाकडे बघितलं आणि मामांना म्हणाली, "तोंड दाखव."

"चुलता हाय, मावशे. म्हातारा मानूस."

"म्हातारा हाय तर तोंड दाखवायला काय झालं?"

आजूबाजूची माणसं जमली. कुणीतरी हळू आवाजात सांगितलं, दंगलीच्या दिवसांत तिचा मुलगा घरातून गेला तो आला नाही. फाट्यावरून जाणारं एकही मढं ती बघितल्याशिवाय सोडत नाही. दुसरा एक जण गाडीला वळसा घालून आला. "संग घरचं कोन दिसंना. रडायला बी कोन न्हाई. कुठल्या वस्तीचं मढं हाय हे? कुठं न्यायलाव?" मग तो माझ्याकडे वळला. "तू कोन रं?"

"माजा भाचा," मामा म्हणाले.

"त्याला बोलू द्या की."

माझ्या डोळ्यांपुढे दोनच गोष्टी होत्या. कापड सुटलं तर फसवले गेलेले हे लोक फळीचं काय करतील, आणि फळी गेली तर वडिलांना घरी जाऊन काय सांगायचं. मी मामांचा हात धरला. "मामा, गाडी काढा."

मामा म्हातारीकडे बघत होते. तिनं गाडीच्या चाकावर हात ठेवला होता, जसा ते गाठीवर ठेवत. त्यांनी माझा हात सोडवला, करदोट्याची किल्ली काढली आणि चाकावर पाय देऊन वर चढले. ज्या गाठीला मला कधी बोट लावू दिलं नव्हतं, त्या सगळ्या गाठी त्यांनी भर रस्त्यात, सगळ्यांसमोर सोडल्या. हार काढून खाली टाकला. धोतर ओढलं.

"आई, फळी हाय. नुसती फळी. चोराच्या भ्यानं झाकली व्हती. चुकलं माजं."

आधी तिला मावशे म्हणणारे मामा आता आई म्हणाले. म्हातारीनं हात वर केला. तिचा हात पोचेना, म्हणून मामांनी फळी तिरकी करून खाली सरकवली. तिनं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हात फिरवला, खालच्या बाजूनंसुद्धा.

"न्हाई कुनी," ती म्हणाली. "मंग माजा हाय अजून."

आणि जशी आली होती तशी रस्ता ओलांडून निघून गेली.

मग एक तरुण ओरडला, "आमी टोप्या काढल्या रं तुज्या फळीला!" त्याच्या हातात कुऱ्हाडीचा दांडा होता. पहिला घाव बसला तेव्हा मामा टपावरून खाली उतरले होते, पण फळीपुढे उभे नव्हते. ते माझ्यापुढे उभे होते, दोन्ही हात मागे करून मला गाडीच्या दाराशी दाबून धरत. पोकळ फळी फुटताना ढोलासारखी वाजली. तेवढ्यावर लोकांचा राग निवला.

साहेबांपुढे मी सगळं खरं सांगितलं. मढं, हार, म्हातारी, दांडा. साहेब ऐकून घेऊन म्हणाले, "ही गोष्ट कुणी रचून दिली तुला?" तेवढ्यात मामा म्हणाले, "सायेब, पोरगं मला वाचवायलंय. मीच गाडी बाभळीखालून घातली. फांदीनं फुटली. त्याचा काई संबंध न्हाई." हे साहेबांना लगेच पटलं.

बाहेर आल्यावर मी रागावलो. ते म्हणाले, "गप. मी परमनंट हाय. मला काढायला त्यांना लय कागद लिवावं लागतेत. तुला काढायला चिठ्ठी बी लागत न्हाई."

त्यांना जीपवरून काढून सिमेंटच्या गोदामावर राखणीला बसवलं. संशयी माणसाला योग्य जागा मिळाली, असं म्हणून लोक हसले. गाडी चालवल्याशिवाय या माणसाला अन्न गोड लागत नसे, हे त्यांना माहीत नव्हतं. मी भेटायला जायचो. निघताना दारात ते हात पुढे करायचे. "पिशवी दाखव." मी पिशवी उघडून दाखवायचो. त्यात माझा डबा असे. ते झाकण उघडून बघत आणि मग म्हणत, "जा. सांबाळून जा."

निवृत्त होऊन ते चुडाव्याला, आपल्या गावी गेले. मला कायम केल्याचा हुकूम आला, त्या दिवशी मी त्यांना हे पत्र पाठवलं. शेवटी लिहिलेलं माझं नाव-आडनाव तेवढं इथे उतरवलेलं नाही.

"तीर्थरूप मामांस, साष्टांग नमस्कार.

आज मला कायम केलं. घरी सांगण्याआधी तुम्हाला लिहितो आहे.

नवी फळी केली आहे. टपावर उघडीच असते, कापड घालत नाही. साखळी आहे, कुलूप आहे, वल्हं आत पायाशी असतं. गाडी भिंतीला लावतो. गाठ तुमच्यासारखी बसत नाही, पण चाचपतो. नवे ड्रायव्हर हसतात.

देवगाव फाट्यावर गाडी थांबवतो. त्या आई येतात. उघडी फळी दिसत असते, तरी मी दोरी सोडून फळी खाली घेतो, त्या हात फिरवतात. मुलाचं अजून काही कळलेलं नाही. तुमची विचारपूस करतात.

तुम्हाला वाचता येत नाही आणि वाचून दाखवणाऱ्यावर तुमचा भरोसा बसणार नाही, हे मला माहीत आहे. म्हणून हे पत्र एकदा घरच्यांकडून वाचून घ्या आणि एकदा स्टेशनावर जाऊन मास्तरांकडून. दोघांचं जुळलं तर खरं समजा.

इतक्या वर्षांत तुम्ही मला आडनाव विचारलं नाहीत. आज मी ते खाली पूर्ण लिहितो आहे. वाचणाऱ्यानं ते मोठ्यानं वाचावं, आणि त्याच्या आधीचे दोन शब्द गाळू नयेत.

तुमचा भाचा"