लिफ्टचं दार आणि बोकडे सर

लॅबच्या ड्रॉवरमधून एक वायर ओढली की गुंत्यासकट सगळ्या बाहेर येतात. आमच्या कॉलेजच्या किश्श्यांचंही तसंच. मला नीट सांगता येतील की नाही, शंकाच आहे, तरी सांगतो.

जबलपूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी एम्बेडेड सिस्टिमचं, म्हणजे यंत्राच्या पोटातल्या छोट्या कॉम्प्युटरचं, डिझाइन शिकवायचो. कोड लिहिण्याआधी यंत्राचे भाग पाडायचे. प्रत्येक भाग एक ऑब्जेक्ट. त्यानं आतलं कुणाला दाखवायचं नाही आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही.

बायकोला हे समजावलं. ती म्हणाली, "अच्छा, म्हणजे तुमच्यासारखंच. त्याच्यासाठी पीएच.डी. काहून करावी लागली?"

*

आम्ही टेबलावर मावेल अशी लिफ्ट बनवत होतो. आधी माणसांनीच ऑब्जेक्ट व्हायचं, ही माझी पद्धत. मी मोटर, सहकारी मीनलताई दार, आणि जवळच्या खमरियाहून येणारे सहकारी बोकडे सर दारातला सेन्सर. 'मोकळं आहे का?' असं दारानं सेन्सरला विचारायचं, मगच बंद व्हायचं.

ताईंनी हात पसरून विचारलं. उत्तर नाही. बोकडे सर चहाला गेलेले! तेवढ्यात प्राचार्य आले.

"दीदी, ये क्या हो रहा है?"

"सर, दरवाज़ा खुला है."

"तो बंद कीजिए."

"आपके कहने से नहीं होगा, सर. सेन्सर चाय पीने गया है."

दुसऱ्याच दिवशी प्राचार्यांचा निरोप आला: लिफ्ट चालताना पाहू, मग हा कोर्स ठेवायचा की बंद करायचा ते ठरवू. माझी झोप उडाली.

*

बोकडे सरांनी मात्र विचारल्याशिवाय न बोलण्याचा नियम फारच मनावर घेतला. कॅन्टीनमध्ये सगळ्यांचे समोसे खाऊन संपले तरी हे रिकाम्या हातानं बसलेले.

"सर, तुम्ही काहून नाही खाऊन राहिले?" ताईंनी विचारलं.

"आत्ता विचारलं न तुम्ही. सांगा एक."

*

शेवटी तो दिवस उजाडला. प्राचार्य वाकून लिफ्ट पाहू लागले. मी बटण दाबलं. दार बंद होईना. पुन्हा दाबलं. काही नाही.

"सर, मूळ डिझाइनच चुकलं असेल," मी म्हणालो. "मुळात माझी पद्धतच..." आणि फळ्यावर स्वतःच्या चुका लिहायला लागलो. फळा भरत आला.

प्राचार्यांचं लक्ष बोकडे सरांकडे गेलं. "बोकडे जी, आपको क्या लगता है?"

"सर, आपका पेन जेब से गिरा है. दरवाज़े में अटका है."

"तो इतनी देर तक बताया क्यों नहीं?"

"किसी ने पूछा ही नहीं, सर."

प्राचार्यांनी पेन उचललं. दार बंद झालं, लिफ्ट वर गेली. त्यांनी पेन खिशात ठेवलं. मग माझ्याकडे वळले.

"कोर्स चलने दीजिए," ते म्हणाले. "और यही नियम हमारी स्टाफ मीटिंग में भी लगवा दीजिए."