कामथडीचा रामप्रवेश

कापूरहोळच्या चौकात दुकान असलं की किस्से शोधत हिंडावं लागत नाही. भोरला जाणारा इथं वळतो, साताऱ्याला जाणारा इथं चहाला थांबतो आणि ज्याचा टायर बसतो तो आमच्या बाकड्यावर बसतो. बसलेला माणूस बोलतोच. माझं टायरचं दुकान आहे. बाकड्याचे कायमचे मालक म्हणजे दत्तूनाना. इथून जवळच्या आमच्याच कामथडी गावचे. शेती पोराच्या हवाली करून सकाळीच इथं येतात आणि कुणी विचारलेलं नसताना मत देतात.

पण आमच्याकडं सगळ्यात जास्त किस्से साठलेत ते रामप्रवेशचे. बिहारहून आला, माझ्याकडं पंक्चर काढायला लागला आणि बायको-पोरीला घेऊन कामथडीतच खोली करून राहिला. हल्ली इथला कोण आणि बाहेरचा कोण यावर लोक मोबाईलवर तावातावानं भांडतात. त्यांना एकदा आमच्या बाकड्यावर आणून बसवावं असं मला फार वाटतं.

*

रामप्रवेशला पहिल्या दिवसापासून मराठी शिकायची हौस. आणि नानांना त्याच दिवसापासून हिंदीची हौस! तो मराठीत विचारायचा, नाना हिंदीत उत्तर द्यायचे. दोघांपैकी कुणीच हटेना.

"नाना, चहा घेणार का?"

"हां, लेकिन साखर जरा कमी टाकना. और वो मेरा छत्री किधर ठेवला रे?"

वेल्ह्याचा एक टेम्पोवाला टायर बदलून होईपर्यंत हे ऐकत होता. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "म्हातारा कुठला वो? शिकंल मराटी हळूहळू."

नानांना हे मी अजून सांगितलेलं नाही.

*

एकदा पुण्याची पोरं तोरण्याला निघालेली, फाटा चुकून आमच्यापर्यंत आली. किती लांब आहे म्हणून रामप्रवेशला विचारलं. त्यानं हातातलं काम न सोडता सांगितलं, "हितंच की. माघारी जावा, नसरापूरवरनं आत वळलं का आलाच तोरणा."

संध्याकाळी तीच पोरं परत दुकानात. टायर बसलेला, चेहरे उतरलेले. त्यातला एक चिडून म्हणाला, की तुम्ही तर जवळच आहे म्हणाला होता.

रामप्रवेशनं जॅक लावत विचारलं, "मग? पोचला न्हवं?"

आणि पोरं गेल्यावर, पुण्याच्या माणसांना दम म्हणून नसतो, असंही त्यानं आम्हाला ऐकवलं. पुण्याला नावं ठेवता आली की माणूस भोर तालुक्यात मुरला असं आम्ही धरतो. यात तो पास झाला.

*

भाताचं मात्र जमत नव्हतं. त्याच्या गावचा तांदूळ जगात भारी, असं त्याचं म्हणणं. आमच्याकडं इंद्रायणीबद्दल असं बोललेलं खपत नाही. शेवटी त्यानं सुट्टीवरून येताना पिशवीभर तांदूळ आणला आणि बायकोकडून भात करवून नानांपुढं ठेवला. नानांनी सगळा संपवला, हात धुतला आणि म्हणाले, "वास बरा हाय."

पुढच्या सुट्टीला हा गडी इंद्रायणीचं पोतं घेऊन बिहारला गेला! तिथं मोठ्या भावाशी भातावरून इतकं वाजलं, की भावानं मला फोन करून विचारलं, माझ्या भावाला तुम्ही लोकांनी काय खायला घातलंय?

*

याच भावानं पुढं घोर लावला. रामप्रवेशच्या पूनमचं लग्न ठरलं. मुलगा त्यांच्याकडचाच, चाकणला नोकरीला. पूनम अडून बसली, लग्न कामथडीतच करायचं. तिची शाळा इथली, मैत्रिणी इथल्या, लहानपण नानांच्या मांडीवर गेलेलं. भाऊ फोनवर म्हणाला, लग्न गावी कर, तिकडं तुझं आहे कोण?

ते रामप्रवेशच्या जिव्हारी लागलं. पान्यावरचा हात थांबवून मला म्हणाला, "भाऊ, वऱ्हाड येईल आणि मांडवात आमी दोघं नवरा-बायकोच उभे असलो तर? पोरीला जन्मभर ऐकून घ्यावं लागंल."

मी काहीतरी बोललो, पण मलाही वाईट वाटलं.

त्यानं पहिली पत्रिका मारुतीपुढं ठेवली आणि मग घरोघरी फिरला. परत आला तो पडलेल्या चेहऱ्यानं. लोकांनी पत्रिका घेतली, "बरं, ठिव तिथं" म्हणाले आणि आपापल्या कामाला लागले. येतो असं एकानंही म्हटलं नव्हतं.

नाना पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "घरच्या कार्याला कोनी येतो म्हनतंय व्हय?"

रामप्रवेशला ते पटलं नाही. जेवणाचं सांगताना त्यानं आचाऱ्याला हात आखडता घ्यायला लावला.

*

लग्नाच्या दिवशी मारुतीपुढच्या मांडवात सकाळपासून गाव लोटलं. बायकांनी चुली ताब्यात घेतल्या, आचारी बाजूला बसून राहिला आणि भात दुसऱ्यांदा शिजायला पडला. बिहारहून आलेला भाऊ नुसता बघत होता. रामप्रवेश हरखून गेला आणि त्या गडबडीत चुकला. फेटे बांधायची वेळ आली तेव्हा मान म्हणून त्यानं पहिला फेटा सरपंचांना बांधवला.

नाना उठले. कुणाशी न बोलता देवळामागच्या पिंपळाखाली जाऊन बसले, मांडवाकडं पाठ करून. त्यांचा पोरगा समजवायला गेला तर त्याला हाकललं. पाणीसुद्धा घेईनात.

तेवढ्यात वऱ्हाड वेशीवर आलं. बँडचा आवाज ऐकू यायला लागला. रामप्रवेश फेटा घेऊन पिंपळाकडं पळाला, त्याच्यामागं मी आणि आमच्यामागं त्याचा भाऊ.

नानांनी मान वळवली नाही. पाठमोरेच म्हणाले, "सरपंचाला बांदला त्ये बराबर हाय. त्यो पावना. पर पुरीचा आजा कुठं बसलाय, ह्ये इचारलं का कोनी?"

रामप्रवेशच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. हातातला फेटा तसाच धरून तो नानांच्या पायाशी बसला.

भाऊ घाबरला. त्यांच्या भाषेत घाईघाईनं विचारायला लागला, हा म्हातारा कोण, झालं काय, वऱ्हाड दारात आलंय, आता करायचं काय?

रामप्रवेशनं शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले आणि भावाला सरळ मराठीतच सांगितलं,

"वऱ्हाड वेशीवरच थांबवा, भैया. घरचं मानूस रुसलंय."